भाऊजींचे सौंसरचे रविवार

ज्या वर्षी माझी थोरली बहीण आणि तिचा नवरा, दोघांनाही समोरचा आपल्याला जहर घालतोय असं वाटत होतं, नेमकं त्याच वर्षी मी दुपारचं जेवण त्यांच्या घरी जेवत होते.

आमचं माहेर सावरगावचं, म्हणजे जाम नदीच्या पल्याड. ताईला दिली अल्याड, पांढुर्ण्याला. मी पांढुर्ण्यातल्याच एका प्राथमिक शाळेत नव्याने मास्तरीण म्हणून लागले होते आणि शाळा ताईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मधली सुट्टी झाली की मी ताईच्या स्वयंपाकघरात. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. भाऊजी एका जिनिंगमध्ये सुपरवायझर होते. दुपारी जेवायला यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस बसलेला असायचा, त्यामुळे ते कायम आश्चर्य वाटल्यासारखे दिसत. माणूस फार गरीब स्वभावाचा. बोलायला तोंड उघडलं की ताई त्यांचं वाक्य पुरं करायची, आणि ते मान हलवून तेच मला म्हणायचं होतं असं दाखवायचे.

ताईला दोन नाद होते. एक नवस बोलायचा आणि दुसरा रहस्यकथा वाचायचा. दोन वर्षांआधी भाऊजींना कावीळ झाली तेव्हा तिने देवीला सांगून टाकलं, "यायले बरं कर माय, माह्या घरात मांसमच्छी शिजणार नाई." देवीने ऐकलं. भाऊजी बरे झाल्यावर त्यांना नवसाची बातमी देण्यात आली. ते म्हणाले, "बरं." रहस्यकथांचं म्हणाल तर ताई वाचनालयातून खुनाची पुस्तकं आणायची. ती वाचून झाली की तेच पुस्तक भाऊजी वाचायचे. पुढे जे झालं त्यात दोघांचं डोकं एकाच दिशेने का चालत होतं, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

संत्र्याच्या हंगामात भाऊजींनी दर रविवारी सौंसरला जायला सुरुवात केली. दोस्ताचा संत्र्याचा बगीचा आहे, त्याला देखरेखीला मदत करतो, असं सांगितलं. सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे, अकराच्या सुमाराची बस धरायचे. संध्याकाळी परत येत तेव्हा तोंडात लवंग असायची.

एका दुपारी ताईने मला आत ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"यायचं बाहेर काहीतरी चालू हाय."

"कोणाचं?"

"तुह्या भाऊजीचं! आणखी कोणाचं? लवंग खाऊन येते मानूस. हाताले निंबूचा वास. डोळे लाल. रातच्याले जेवत नाई, भूक नाई म्हणते. झोपेत उसासे सोडते. अन् मले सांग, संत्र्याच्या बगीच्यात जाणारा मानूस एक तरी संत्रं आणन का नाई घरी?"

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. ताईने तो भाऊजींनाही ऐकवला असावा, कारण पुढच्या रविवारी ते पिशवीभर संत्री घेऊन आले. ताईने मला पिशवी दाखवली. "बस अड्ड्यावरची हायेत. बगीच्यातल्या संत्र्याले पानं राहतात." मग तिने भाऊजींचा सदरा पुढे केला. छातीवर पिवळा डाग होता. "हे पाय. हळद. हळदीच्या हातानं कोणीतरी सदरा धरला. सैपाक करता करता उठून आली असन मेली, आनंदानं."

मी म्हटलं, "ताई, भाजी सांडली असेल."

"भाजी सांडली तर खाली ओघळते. हे वरून खाली नाई, बाजूनं गेलं हाय." पुस्तकांचा परिणाम, दुसरं काय.

शेजारणीच्या सल्ल्याने ताई रेल्वे फाटकापलीकडच्या एका बाबाकडे गेली आणि एक पुडी घेऊन आली. हिरवट रंगाची भुकटी. नवऱ्याच्या भाजीत रोज चिमूटभर टाकायची, म्हणजे त्याचं मन घराकडे फिरतं. अट एकच, ज्याच्यासाठी आहे त्यानेच खायची. दुसऱ्या कोणी खाल्ली तर तोच मागे लागतो. ताईने मला माझ्याच डोक्यावर हात ठेवायला लावून कोणाला न सांगण्याची शपथ घातली आणि सांगितलं, "तू आपली भाजी आपल्या हातानं घे, यायच्या वाटीले हात लावू नको."

आता झालं असं, की ही भुकटी टाकताना भाऊजींनी तिला पाहिलं. ते न्हाणीतून बाहेर येत होते. ताईने इकडेतिकडे पाहिलं, पदराच्या गाठीतून पुडी काढली, चिमूट त्यांच्या वाटीत टाकली आणि बोटाने ढवळली. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. मी शाळेत परत जात होते, ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते.

"साळीबाई, एक सांगू? तुही बहीण मले जहर देऊन राहिली."

मी जागीच थांबले. "भाऊजी, काहीतरीच काय!"

"चिमटी चिमटीनं देऊन राहिली. हळू चढणारं. मांगच्या महिन्यातल्या पुस्तकात नव्हतं का, ते डॉक्टरची बायको... तसंच. पोट बी बिघडून राहिलं माह्यं चार-आठ दिवसांपासून."

"अहो, ते जहर नाहीये."

भाऊजी एकदम बारीक नजरेने माझ्याकडे पाहू लागले. "तं काय हाय? तुले मालूम हाय काय हाय ते?"

मी शपथेत अडकलेली. "मला काहीच माहीत नाही," असं म्हटलं आणि स्वतःलाच ऐकू आलं की हे किती खोटं वाटतंय. त्या दिवसापासून भाऊजी माझ्याही हातचं पाणी पिईनासे झाले.

त्यांनी आधी शेजारच्या मांजरीवर प्रयोग केला. ताईची पाठ वळली की वाटीतली भाजी पोळीत गुंडाळून खिडकीतून बाहेर. मांजरीला ती आवडली. ती दिवसभर ताईच्या मागे मागे फिरायला लागली, पायात घुटमळायला लागली, ती दळणाला गेली तर कोपऱ्यापर्यंत सोबत जायला लागली. ताई हरखून मला म्हणाली, "पाहिलं का व? मांजरीनं कोठीतरी उष्टं खाल्लं असन. बाबाची पुडी खरी हाय!" आणि भाऊजी मला दुसऱ्या दिवशी रस्त्यात म्हणाले, "मांजर वाळून चालली. जीव गेला नाई अजून, पण वाळून चालली."

मन काही घराकडे फिरेना, म्हणून ताईने चिमूट वाढवली. चिमूट वाढली म्हणून भाऊजींचं घरचं जेवण आणखी कमी झालं. मग ते रविवारसोबत एखाद्या आडवारीही सौंसर गाठू लागले. त्यामुळे ताईने चिमटीच्या जागी चमचा घेतला.

एका दुपारी मी हात धुऊन आले तर दोघं समोरासमोर बसलेले, ताटं वाढलेली आणि घास कोणीच उचलत नव्हतं.

"खा न," ताई म्हणाली.

"तू खा आधी," भाऊजी म्हणाले.

"मी तुमच्या मांगून घास घेते रोज."

"आज आधी घे. नवऱ्याच्या हातचा एक घास खा."

त्यांनी आपल्या ताटातून पोळीभाजीचा घास केला आणि ताईच्या तोंडापाशी नेला. लग्न झाल्यापासून असं त्यांनी कधी केलं नव्हतं. ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुडी लागू पडली असं तिला वाटलं असणार. आणि लगेच तिच्या ध्यानात आलं की घासात पुडी आहे. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"काहून? खात काहून नाई?" भाऊजींनी विचारलं.

"मले उपास हाय आज."

"काल बी होता."

"दोन धरले या हप्त्यात."

भाऊजींनी घास खाली ठेवला. बाहेर कोणीतरी ताईला हाक मारली म्हणून ती उठली, आणि ती दाराशी जाते न जाते तोच भाऊजींनी झटकन दोन्ही ताटांची अदलाबदल केली. मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. पण परत येताना ताईने पडद्याच्या फटीतून ते पाहिलंच. ती बसली. समोरच्या ताटाकडे पाहू लागली. जेवण तसंच राहिलं. संध्याकाळी ती मला म्हणाली, "आता मले मारून तिले घरी आणाचा विचार दिसते. माह्या ताटात काय मिसळलं अन् ताट फिरवून देल्लं, देव जाणे."

"ताई, ताट फिरवलं तर तुझ्यापुढे तुझीच पुडी आली ना."

"अव हो, पण त्याच्यात त्यायनं बी काही टाकलं असन!"

मी त्या दिवसापासून शाळेत डबा न्यायला लागले.

असे उन्हाळा आणि अर्धा पावसाळा गेले. पोळ्याला आईबाबा सावरगावहून ताईकडे आले. दुपारी पुरणपोळीचं जेवण. आता सासऱ्याच्या शेजारी बसून जावई ताट कसं परत करणार? ताईने ही संधी साधली. नवी आणलेली अख्खी पुडी तिने भाऊजींच्या कढीच्या वाटीत रिकामी केली. बाबा भाऊजींच्या पाठीवर थाप मारून म्हणत होते, "घ्या जवाईबापू, कढी घ्या. लाजून राहिले का सासऱ्यापुढं?" भाऊजींनी वाटी उचलली, आमच्या सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि एका दमात पिऊन टाकली. मला आजही ते पिणं आठवतं. निरोप घेऊन माणूस गाडीत चढतो ना, तसं.

रात्रीपासून त्यांच्या परसाकडे खेपा सुरू झाल्या. सकाळपर्यंत त्यांना उठवेना. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. नदीच्या अल्याड पांढुर्णेवाले, पल्याड सावरगाववाले, मधोमध पात्रात रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावरचा झेंडा, आणि दिवसभर दोन्हीकडून गोटे. म्हणतात की फार पूर्वी इकडच्या पोराने तिकडची पोरगी पळवली, तेव्हापासूनचं हे. शेजारच्या खेड्यांतून माणसं लोटलेली. गाडी नाही, रिक्षा नाही. शेवटी बाबांनी आणि शेजाऱ्यांनी भाऊजींना खाटेवर घातलं आणि खाट खांद्यावर घेऊन गर्दीतून दवाखान्याकडे निघाले. मी आणि ताई मागे. लोकांना वाटलं झेंड्यापाशी पडलेला गडी आहे. त्यांनी वाट करून दिली, देवीचा जयजयकार केला. कोणीतरी भाऊजींच्या कपाळाला गुलाल लावला. भाऊजींना हात जोडण्याचीही ताकद नव्हती.

दवाखाना फुटलेल्या डोक्यांनी भरला होता. डॉक्टर परगावचा, हिंदी बोलणारा, सकाळपासून टाके घालून कंटाळलेला. त्याने भाऊजींचं डोकं चाचपलं, हात पाहिले, पाय पाहिले.

"पत्थर कहाँ लगा?"

"पोटात," भाऊजी म्हणाले.

"पेट में? किधर?"

"आतून."

डॉक्टरने नाडी धरली आणि त्याचा चेहरा बदलला. अंगातलं पाणी आटून गेलं होतं. त्याने ताबडतोब सलाइन लावायला सांगितलं. ताई इतका वेळ खाटेचा पाय धरून उभी होती. सुई टोचताना भाऊजींचा हात पार लुळा पडलेला पाहिला आणि तिने खाटेचा पाय सोडून त्यांचा दुसरा हात धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला खरी भीती वाटली.

तेवढ्यात भाऊजींनी डोळे उघडले आणि छताकडे पाहत स्वच्छ आवाजात सांगितलं, "डॉक्टर साहेब, मले माह्या बायकोनं जहर देल्लं."

आजूबाजूच्या खाटांवरची बांधलेली डोकी आमच्याकडे वळली. गोटमारीच्या बंदोबस्ताला आलेला एक शिपाई दारात बसून डब्यातलं खात होता, तो उठून आला. "क्या दिया? कौन दिया?"

"जहर नाई बापा!" ताई किंचाळली. "मोहनी होती, मोहनी! यायचं मन घरी वळावं म्हणून!" आणि तिने पदराची गाठ सोडून रिकाम्या पुडीचा कागद डॉक्टरपुढे धरला.

डॉक्टरने कागदाला चिकटलेली भुकटी हुंगली, बोटाला लावून जिभेवर ठेवली. "ये तो सोनामुखी है," तो म्हणाला. "कब्ज की दवा. कितनी दी?"

"पुरी पुडी."

"पुरी पुडी!" डॉक्टरने भाऊजींकडे फार आदराने पाहिलं. "मन का पता नहीं, बाकी सब निकल गया होगा."

पलीकडच्या खाटेवर कपाळाला टाके पडलेला एक पैलवान गडी होता, तो हसायला लागला आणि टाके ताणले म्हणून ओरडायला लागला. मग पूर्ण खोलीच तशी झाली, हसणं आणि ओरडणं एकत्र. शिपाई परत डब्याकडे गेला. ताई मात्र हसली नाही. ती खाटेवर वाकली.

"खरं सांगा. ती सौंसरवाली कोण?"

भाऊजींनी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं.

"सगळ्यायपुढं सांगा. काय हाय तथी?"

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. "मटन," ते म्हणाले.

सौंसरच्या बस अड्ड्यामागे एका बाईची खानावळ होती. दर रविवारी ते तिथे जाऊन मटण खात. लवंग आणि लिंबू वास मारायला. छातीवरचा डाग रश्श्याचा. बगीचा, दोस्त, सगळं खोटं.

ताईने हे ऐकलं आणि तिचं तोंड असं झालं, की बाई असती तरी तिला इतकं लागलं नसतं. "दोन वर्षं मी तुमच्यासाठी अंडं नाई खाल्लं," ती हळूच म्हणाली. "अन् तुम्ही एकटे जाऊन खाऊन राहिले?"

भाऊजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

भाऊजी हिंडूफिरू लागल्यावर ताईने फर्मान काढलं की मला ती खानावळ पाहायची आहे. मला सोबत घेतलं. आम्ही तिघं बसने सौंसरला गेलो. खानावळ म्हणजे शेणाने सारवलेली एक लांबट खोली, चार बाकं आणि पडद्यामागे चूल. बाई ताईपेक्षा थोडी मोठी, ठसठशीत, हातात डाव. भाऊजींना पाहून तिचा चेहरा मऊ झाला.

"आले का पांढुर्णेवाले? लय दिवसांनी. बरं वाटून नाई राहिलं का?" मग तिने आम्हाला पाहिलं. "या कोण? बहिणी का?"

"मी यायची घरवाली," ताई म्हणाली.

बाईच्या हातातला डाव खाली आला. "दुसरी केली? कधी?"

"दुसरी काहून? मीच हावो. एकच हावो."

"अव माय," बाई बाकावर बसली. "तुमी तं वारल्या न?"

झालं होतं असं, की भाऊजी पहिल्या रविवारी आले आणि जेवता जेवता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दोन वर्षांनी तिखट खाल्लं होतं, डोळे येणारच. बाईने विचारलं, घरी कोणी नाही का करून घालणारं? भाऊजींचं तोंड भरलेलं, त्यांनी नुसती मान हलवली. पुढच्या रविवारी पुन्हा एकटा माणूस, पुन्हा डोळ्यांत पाणी. बाईने समजायचं ते समजून घेतलं. तिचाही नवरा गेलेला. तेव्हापासून ती त्यांच्या वाटीत कलेजीचे तुकडे जास्तीचे टाकत असे, आणि भाऊजींना कलेजी खाताना खरं काय ते सांगायचा धीर झाला नाही.

"म्हणजे मी मेली म्हणून तुमाले कलेजी भेटत होती," ताई म्हणाली.

भाऊजी बाकाच्या कडेशी नख घासत राहिले. मला वाटलं आता ताट फेकून मारते. पण ताईची नजर सरकलेल्या पडद्यातून चुलीकडे गेली. पातेल्यातून वाफ येत होती. मग म्हणाली, "नवस घरातला हाय. हे काही घर नाई," आणि बाकावर मांडी घालून बसली. "वाढा."

तिने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाई पडद्यापाशी उभी राहून पाहत होती. "पाहा," ती मला म्हणाली, "मी चुकीचं समजली का? असंच रडत होते ते."

परतीच्या बसमध्ये ताई आणि भाऊजी शेजारी बसले, मी मागच्या सीटवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बगीचे. ताईने विचारलं, "मी मेली असं ती समजत होती, तवा तुमाले कसं वाटलं?"

"वाईट वाटलं. म्हणूनच तं रडत होतो."

"ते तिखटानं."

"सुरू तिखटानं व्हायचं," भाऊजी म्हणाले. "मग तू खरंच नसती तं घरी गेल्यावर काय, असा विचार यायचा. मग थांबायचं नाई."

ताईने त्यांचं वाक्य मध्ये तोडलं नाही, हे मी मागून ऐकत होते. तिने फक्त खिडकीची काच वर केली. धूळ येत होती म्हणून.

त्यानंतर रविवारी दोघंही सौंसरला जायला लागले, आणि काही दिवसांतच भाऊजी तिथे उपरे झाले. ताई आणि खानावळवाली पडद्यामागे बसून तासन्‌तास बोलायच्या, भाऊजींच्या घोरण्यापासून त्यांच्या भित्रेपणापर्यंत सगळं, आणि ते बाकावर एकटे जेवायचे. कलेजी आता ताईला मिळत होती. तीन-चार वर्षांनी ती बाई लेकीकडे छिंदवाड्याला राहायला गेली. शेवटच्या रविवारी ताई तिच्या गळ्यात पडून रडली. बस अड्ड्यावर आल्यावर भाऊजी उदास होऊन म्हणाले, "आता रविवारी कोठी जावं?"

ताईने डोळे पुसले, पदर खोचला आणि बसच्या पाट्या वाचायला लागली. "नागपूरले जाऊ," ती म्हणाली. "तथी तं गल्लोगल्ली खानावळ हाय म्हणते."